निळ्या गाडीचं पांढरं तोंड

सरांची वरची खोली मिळाली तेव्हा माझी समजूत होती की मी भाडेकरू झाले. तसं नव्हतं, हे पहिल्याच सकाळी कळलं. खालून हाक आली, "सभा आहे, या." दात घासता घासता मी खाली डोकावले. ओट्यावर सर पांढऱ्या सदऱ्यात ताठ बसले होते, समोर शेजारच्या हिराबाय पाय पसरून वालाच्या शेंगा सोलत होत्या आणि मध्ये चहाची किटली होती. विषय होता, रविवारी बांगडा आणावा की बोंबील. सरांनी दोन्ही माशांची बाजू सारख्याच कळकळीने मांडली आणि हात वर करायला सांगितले. मी बांगड्याला हात दिला आणि एकटी पडले. सरांनी लगेच पहिला कप भरून माझ्यापुढे ठेवला.

"या घरात हरलेल्याला आधी चहा," ते म्हणाले. "जिंकलेला थांबू शकतो."

जन्मभर त्यांनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. हा विषय मुलं, पालक आणि मुख्याध्यापक कुणीच खिजगणतीत धरत नाहीत. सरांनी तो मनावर घेतला होता. निवृत्त झाल्यावर वर्ग उरला नाही, तेव्हा त्यांनी घरालाच शिस्त लावली. मी मूळची चौलची. न्हावा शेव्याला एका मालवाहतुकीच्या कचेरीत नोकरी लागली म्हणून उरणजवळच्या त्यांच्या गावात येऊन राहिले होते. दिवसभर कंटेनरचे कागद आणि साहेबाची ओरड, तिथे माझं मत कुणी विचारत नसे. इथे मांजराचं नाव ठेवायलासुद्धा माझं मत लागे. आधी मला हसू आलं, मग वैताग आला, आणि मग कधीतरी मी सभेला वेळेवर खाली यायला लागले.

त्या मांजरालाही ते "अहो" म्हणत. "अहो, जरा सरका, किटली गरम आहे." भाजीवाल्याशी घासाघीस करताना त्याचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घेत, त्यामुळे नेहमी महाग भाजी आणत. बहुमताबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बहुमत म्हणजे सत्य नव्हे. भांडण थांबवायची ती एक रीत आहे, इतकंच." हे ते दर पंधरवड्याला नव्याने सुचल्यासारखं सांगत आणि हिराबाय दर वेळी "बरा हाय" म्हणून शेंग मोडत.

एकदा मला सोडायला म्हणून ते गाडी घेऊन थेट चौलला आले. माझ्या वडिलांनी जेवून जाण्याचा आग्रह केला, तर सरांनी अंगणात उभ्या उभ्या मत घ्यायला लावलं. आईने वडिलांच्या विरोधात हात वर केला. घरात मासळी नव्हती आणि पाहुण्याला नुसत्या डाळीवर बसवायला ती तयार नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वडिलांसमोर आईचा हात असा वर गेलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला. वडील आठवडाभर धुसफुसत होते. आई मात्र पुढे कित्येक दिवस फोनवर विचारायची, "तुझे सर परत कधी यायचेत?"

आता गाडीबद्दल. ती निळी होती, चौकोनी, ऐसपैस, उंच नाकाची. सरांनी ती जुनीच घेतली होती आणि कंपनीने ते मॉडेल बंद करून जमाना लोटला होता. कुणी गाडीबद्दल विचारलं की सर आधी एकच गोष्ट सांगत, "ही गाडी आम्ही एकमताने घेतली." आम्ही म्हणजे ते आणि काकू. काकूंना मी पाहिलं नाही. मी येण्याआधीच त्या गेल्या होत्या. माजघरात बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांचा फोटो होता, ठेंगण्या, हसऱ्या, पदर खोचलेल्या. हिराबायनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खालून वर न्याहाळून म्हटलं होतं, अगदी बायच्या मापाची हाय. काकूंचा रेनकोट मला बेतून शिवल्यासारखा बसे.

मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली आणि मग काकू गाडी शिकल्या. वस्तीत त्याआधी कुठल्या बाईने गाडी चालवली नव्हती. सरांना त्याचा अभिमान इतका, की त्या वर्षी एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत बोनेटवर तसबीर बांधली आणि गाडी काकूंनी चालवली. सर गाडीपुढे उलटे चालत होते, तोंड काकूंकडे, हाताने दाखवत, डावीकडे, थोडं उजवीकडे, हळू. पुढे दर वर्षी तसंच झालं. ड्रायव्हरच्या सीटवर काकूंची एक जाड बैठक होती, जुन्या लुगड्याची शिवलेली. सर उंच, त्यांचं डोकं आधीच छताला लागायचं. तरी ती बैठक गाडीतून कधी हलली नाही. स्वतः चालवायला बसताना ते ती उचलून मागच्या सीटवर ठेवत आणि उतरताना पुन्हा जागेवर मांडत.

मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक अरुंद पूल आहे. शिकत असतानाच काकूंनी त्याच्या कठड्याला गाडी ठोकली होती. डावा दिवा थोडा आत गेला आणि तेव्हापासून गाडी जरा तिरळी दिसायची. सरांनी तो पोचा काढू दिला नाही. मात्र त्यानंतर काकू उरणच्या बाजारापलीकडे गाडी नेईनात. सरांची फार इच्छा होती की त्यांनी चालवावं आणि आपण शेजारी बसून समुद्र बघत अलिबाग, रेवदंडा, जमेल तिथवर जावं. काकू म्हणायच्या, तुम्ही चालवा, मी बसते. सर त्यांना भित्री म्हणून चिडवायचे. हे मला त्यांनीच सांगितलं होतं, हसत. "मतदानाला धीट आणि पुलाला भित्री," ते म्हणाले होते.

समुद्राकाठी लोखंड फार दिवस साथ देत नाही. मी राहायला गेले त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात गाडीचं नाक आतून सडलं. वरून निळा रंग, आत बोट घातलं तर आरपार. गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, दिव्यांमागचा पत्रा हाताने तोडून दाखवला आणि सरांना खुर्ची दिली. म्हणाला, एक दिवस खड्ड्यात आदळेल आणि पुढचं सगळं रस्त्यावर पडेल. असल्या गाडीला पासिंग मिळणार नाही. पासिंग नाही म्हणजे गाडी भंगारात. या मॉडेलचा पत्रा आता कुठे मिळतही नव्हता.

उपाय एकच होता आणि तो योगायोगाने जवळच होता. महामार्गालगतच्या गोदामांत जपानहून कापून आणलेल्या गाड्यांचे पुढचे अख्खे भाग येत. बोनेट, दिवे, जाळी, बंपर, सगळं एकसंध. गॅरेजवाले त्याला हाफ कट म्हणतात. सरांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचं असं गोदाम होतं आणि त्याच्याकडे याच गाडीच्या जपानी बहिणीचं तोंड आलं होतं. थोडं कापून, थोडं जोडून बसलं असतं. पण ते नव्या घडणीचं होतं, नाक खाली उतरतं, दिवे लांबट. तसबीर बांधायला सपाट जागा नाही, तिरळा दिवा नाही. गाडी राहणार, पण काकूंच्या हातची जी काही खूण होती ती जाणार.

विषय सभेपुढे आला आणि हलेना. मी बदलाच्या बाजूने होते. सर रोज त्या गाडीतून ट्रेलरच्या रांगांमधून जात आणि मला घोर लागायचा. सर विरोधात. हिराबाय हातच वर करीनात. एकास एक, एक तटस्थ. अध्यक्षांचं जादा मत सर वापरायला तयार नव्हते, कारण ते आधीच एका बाजूला होते. रोज सकाळी हाच ठराव, रोज तोच निकाल, आणि हरलं कोण ते ठरत नसल्यामुळे चहा कुणाला आधी द्यायचा यावर किटली थंड व्हायची. नागपूरहून मुलीचा फोन आला, विका ती गाडी. सर म्हणाले, तुझं मत नोंदवलं, पण गणपूर्तीला तू इथे नाहीस. ते विनोद करत होते, पण रात्री जेवणाचं ताट अर्धं ठेवून उठायचे. गाडीच्या पुढे जाऊन उभे राहायचे आणि त्या आत गेलेल्या दिव्यावर हात ठेवायचे. मी खिडकीतून पाहिलेलं आहे. गाडी गेली तर काकू जातात आणि ठेवली तरी थोड्या जातात, असं ते कोडं होतं, आणि ते हात वर करून सुटण्यातलं नव्हतं.

पासिंगची मुदत जवळ आली तेव्हा एका सकाळी सरांनी हिराबायना अडवलं. तटस्थ राहायचा हक्क तुम्हाला आहे, म्हणाले, पण कारण सांगा. हिराबायनी सूप खाली ठेवलं. काकूंबरोबर बाजाराला शेजारच्या सीटवर त्याच बसायच्या, वर्षानुवर्षं. 

"मास्तर, बाय मना बोलायची, हिरा, या गाडीचा नाक लय उंच हाय. मना फुडचा रस्ताच दिसं न्हाय. मी आपली अंदाजानं चालवतंय."

सर म्हणाले, "ही गाडी एकमताने घेतली होती."

"व्हय. दोन गाड्या बघितल्या व्हत्या ना तुमी? तिला ती दुसरी, ठेंगनी गाडी आवडली व्हती. पन तुमी हात वर केला, मंग तिनं केला. बोलायची, त्यांचा जीव हाय त्या गाडीवर, आपुन कशाला आडवा बोलायचा."

हिराबायनी एवढं सांगितलं आणि पदराने नाक पुसून पुन्हा सूप मांडीवर घेतलं. मला वाटलं सर काही तरी प्रश्न विचारतील, दुसरी बाजू मांडतील. ते किटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे इतक्या वर्षांत तिला कधी पहिला चहा मिळाला नाही."

त्या दिवशी सभा विसर्जित करायचं राहून गेलं. मी कामावर निघाले तेव्हाही ते तिथेच होते आणि परत आले तेव्हाही. ओट्यावर कप तसेच पडलेले. मी कप विसळले आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली नाही. मी उतरले तर सर बूट घालून तयार. गोदामात जायचंय, चला, म्हणाले. मी विचारलं, मत घ्यायचं नाही का? "नाही," सर म्हणाले. "तिचं मत मोजायचं राहिलं होतं. आता मोजलं." मी त्यांच्याकडे राहिले त्या सगळ्या काळात मत न घेता झालेली ही एकच गोष्ट.

गोदामात भिंतीला टेकवून गाड्यांची तोंडं ओळीने उभी होती, लाल, काळी, चंदेरी, मागे धड नसलेली. विद्यार्थ्याने सरांना वाकून नमस्कार केला आणि खुर्ची मागवली. सर बसले नाहीत. आपलं ते तोंड पांढरं होतं. सर त्याच्यामागे, जिथे काच असायला हवी तिथे जाऊन उभे राहिले आणि मग हळूहळू गुडघ्यात वाकले. आणखी वाकले. बोनेटवरून समोर बघितलं. मग शेजारच्या काळ्या तोंडामागे जाऊन तसंच. विद्यार्थी घाबरला, मला हळूच विचारू लागला, सरांची पाठ धरलीय का? मी नाही म्हणून मान हलवली. काकूंची उंची किती ते मला माहीत होतं, कारण तीच माझी होती. सर बरोबर तेवढे वाकले होते.

मी पुढे होऊन म्हटलं, सर, मी बघते. तेव्हा कुठे ते गुडघ्यांवर हात ठेवून सरळ झाले.

आठवड्याभरात निळ्या गाडीला पांढरं तोंड बसलं आणि पासिंगही झालं. रंगाचा विषय सभेपुढे ठेवला होता, पण तो शेवटपर्यंत मंजूर झाला नाही. गावातली पोरं म्हणायची, मास्तरांची गाडी पावडर लावून निघाली. हिराबाय त्या तोंडाला धाकटी जाव म्हणायच्या. जयंतीला तसबीर बोनेटवर राहीना, तेव्हा टपावर कॅरिअर लावून बांधली. ती उंचावरून सगळ्या वस्तीला दिसली, आणि आधी हे का सुचलं नाही म्हणून कार्यकर्ते आपसात भांडले.

आणखी एक बदल झाला. हात वर करायचं बंद झालं. सरांनी अरुंद तोंडाचं एक मडकं आणलं. प्रत्येकाला एक वालाचा दाणा आणि एक चिंचोका मिळायचा. होकाराला वाल, नकाराला चिंचोका, मूठ मिटूनच आत सोडायची आणि उरलेला दाणा खिशात घालायचा. तिघांच्या सभेला इतका बंदोबस्त बघून मला हसू यायचं. पण गंमत अशी झाली, की सर वरचेवर हरू लागले. त्यांचा बोंबील आम्हा दोघींपैकी कुणालाच आवडत नव्हता, हे तेव्हा उघडकीला आलं. हिराबाय इतकी वर्षं मास्तरांचं मन राखत होत्या. सर हरले की स्वतःचा कप आधी भरत आणि फार समाधानाने पीत.

हे सगळं संपलं, जसं संपतं तसंच. सरांना एकटं राहणं झेपेना, मुलगी येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली. मी पनवेलला बदलून आले, लग्न झालं. नागपुरात सर गेले तेव्हा मला चार दिवसांनी कळलं. घराच्या जागी आता कंटेनरचं आवार आहे. पत्र्याचं कुंपण, आत एकावर एक रचलेले डबे. मी कामासाठी तिकडून जाते तेव्हा ओटा कुठे असेल ते डोळ्यांनी शोधते आणि सापडत नाही. घराची मला आठवण येते असं म्हणणं पुरेसं नाही. मला त्या सकाळच्या हाकेची भूक लागते. आमच्या घरात नवरा चांगला आहे, सासू चांगली आहे, आणि सगळं काही एकमताने चालतं. कधीकधी ताटावर बसल्यावर सगळे हो म्हणतात तेव्हा मी एकेकाच्या तोंडाकडे बघते. मग मी सासूबाईंना एकटीला गाठून पुन्हा विचारते, "खरंच चालेल ना?" त्यांना वाटतं मला कमी ऐकू येतं.

नवं तोंड बसल्यानंतरचा पहिला रविवार मात्र सांगायचा अजून बाकी आहे.

त्या संध्याकाळी सरांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी अलिबागला गाडी शिकले होते, पण काकूंनंतर त्यांची गाडी त्यांनी कुणालाच हाताळू दिली नव्हती. काकूंची बैठक सीटवर होतीच. मी तिच्यावर बसले, सर शेजारी. मिठागरांच्या रस्त्याला घ्या, म्हणाले. भरती उतरलेली, दोन्हीकडे चिखल चमकत होता. सर समोर बघत नव्हते, माझ्या डोळ्यांकडे बघत होते. पूल आला तशी मी गाडी थांबवली.

"कठडा दिसतो का?" त्यांनी विचारलं.

"दिसतो."

"डावीकडचा?"

"दोन्ही दिसतात, सर. पायापासून."

सर दार उघडून उतरले. मिरवणुकीत चालत तसे गाडीपुढे जाऊन उभे राहिले, माझ्याकडे तोंड करून, आणि डावीकडे घ्या हे सांगायला त्यांनी हात उचलला. तो हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, दोन्ही हात पाठीमागे धरले आणि रस्त्याच्या कडेला सरकून मला वाट दिली.

मी पूल ओलांडला. पलीकडे गाडी उभी करून आरशात बघितलं. सर पुलावर होते, त्या जुन्या ठिकाणी कठड्यावर हात ठेवून. ते सावकाश चालत आले, शेजारी बसले, दार ओढून घेतलं.

"भित्री नव्हती ती," ते म्हणाले. "न दिसता चालवत होती."

मग त्यांनी मला विचारलं, रेवदंडा इथून किती लांब पडेल. मी म्हटलं, पोचेपर्यंत अंधार होईल, सर. ते म्हणाले, होऊ दे, तुम्हाला दिसतंय ना. मी गाडी सुरू केली.